ओल इथे, गळती तिथे : जुन्या घराचं नळकाम

इंदूरच्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, वैशाली नगर या भागांत आपल्या आजोबांनी किंवा बाबांनी बांधलेली कितीतरी घरं आता चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत. भिंती भक्कम आहेत, पण भिंतींच्या आतले पाइप म्हातारे झाले आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आणि घरात दोघंच, सत्तरीच्या पुढचे. मग एक दिवस फोन येतो : स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे निघालेत, वरच्या नळाला धार येत नाही आणि मिस्त्री म्हणतोय, "पूरी लाइन चेंज करनी पड़ेगी."

पूर्ण लाइन बदलणं कधीकधी खरंच गरजेचं असतं. पण पुष्कळदा फरशा फुटतात, पंधरा दिवस घरात धूळ होते, पैसे जातात आणि पावसाळा संपेपर्यंत ओल पुन्हा हजर होते. कारण गळती कोणी शोधलेलीच नसते. ओल जिथे दिसली तिथे फोडलं, एवढंच झालेलं असतं. पाणी मात्र उतार बघून, भेगांतून, पाइपाच्या कडेकडेने वाट काढत भलतीकडेच बाहेर येतं.

म्हणून जुन्या घरासाठी एकच नियम लक्षात ठेवायचा : आधी शोधा, मग फोडा. शोधायला फारसे पैसे लागत नाहीत. खडू, बादली, खाण्याचा रंग आणि दोन-तीन दिवसांचा धीर पुरतो.

घराचा नकाशा कोणाकडेच नसतो

नर्मदेचं पाणी इंदुरात आलं १९७८ मध्ये, जलूदहून, साधारण ७० किलोमीटरवरून. त्याआधीच्या घरांत विहीर होती, मग बोरिंग झालं, मग नर्मदेची लाइन आली. नळ एक दिवसाआड येऊ लागले म्हणून हौद बांधला, हौदातून वर चढवायला मोटर आली, गच्चीवर टाकी बसली. वरचा मजला नंतर चढवला, तेव्हा जुन्या लाइनलाच नवी जोडली. असं हे काम थराथराने वाढत गेलेलं असतं. कुठला पाइप कुठून जातो हे ज्याला माहीत होतं तो मिस्त्री आता नाही, आणि बाबांनाही अर्धंच आठवतं.

तरी घरातल्या पाण्याचे तीन भाग प्रत्येकाला ओळखता येतात. पहिला भाग म्हणजे रस्त्यावरून हौदापर्यंत येणारी लाइन. दुसरा, गच्चीवरच्या टाकीतून खाली नळांना येणारी लाइन. तिसरा, वापरलेलं पाणी बाहेर नेणारी लाइन : मोरी, नहाणी ट्रॅप, चेंबर आणि पुढे गटार. पहिल्या दोन भागांत पाणी दाबाखाली असतं, तिसऱ्यात फक्त उताराने वाहतं. बिघाड कुठल्या भागात आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

ओल कुठली, ते आधी ओळखा

ओल कधी वाढते हे नीट पाहिलं तर ती स्वतःच बरंच सांगते.

रात्रंदिवस सारखीच राहणारी, घरी कोणी नसतानाही न वाळणारी ओल बहुधा नळाच्या लाइनची असते. कारण त्या पाइपात पाणी कायम भरलेलं असतं. आंघोळी-धुणी झाल्यावर वाढणारी आणि घर चार दिवस बंद राहिलं की उतरणारी ओल सांडपाण्याची. जुलै ते सप्टेंबर फुगणारी आणि उन्हाळ्यात कोरडी होणारी ओल गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची. आणि जमिनीपासून साधारण हात-दीड हात चढून थांबलेली, पांढरे क्षार सोडणारी ओल पायातून वर येणारी असते. तिचा नळाशी संबंध नसतो, त्यामुळे पाइप बदलून ती जात नाही.

शंका नळाच्या लाइनवर असेल तर टाकीची परीक्षा घ्या. रात्री झोपताना मोटर बंद असू द्या, टाकीत येणारं पाणी थांबवा आणि रात्रीपुरतं पाणी बादलीत काढून ठेवा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर आतून खूण करा किंवा काठीने माप घ्या. सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. टाकीचा आतला व्यास १ मीटर असेल तर पातळी १ सेंटिमीटर उतरणं म्हणजे जवळपास ८ लिटर पाणी. रात्रीत ३ सेंटिमीटर उतरली तर चोवीसेक लिटर कुठेतरी गेले.

आता कुठे गेले ते पाहायचं. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडचा व्हॉल्व्ह बंद करा. तरीही पातळी उतरली तर टाकीलाच चीर आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. नाही उतरली तर पुढच्या रात्री निम्म्या लाइन उघड्या ठेवा, निम्म्या बंद. म्हणजे स्वयंपाकघराची चालू, बाथरूमची बंद. अशा अर्ध्या-अर्ध्या करत गेलं की तीन-चार रात्रींत गळणारी लाइन सापडते. प्रोग्राममधली चूक आम्ही अशीच शोधतो, पण ही युक्ती कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

सांडपाण्याचा संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड चिंधी आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करा. बाथरूमच्या फरशीवर बोटभर पाणी भरून २४ तास ठेवा. खालच्या छतावर ओलीच्या कडेने खडूने रेघ मारा. ओल रेघेबाहेर गेली तर दोष फरशीच्या सांध्यांत आहे. नाही गेली, पण ट्रॅप मोकळा करून पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा त्याच्यापुढचा पाइप गळतो आहे.

आमच्या कॉलनीतल्या एका घरी स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत ओली होती. सिंकचा नळ त्याच भिंतीत, म्हणून ओटा उखडायचं ठरलं होतं. काकूंनी एवढंच सांगितलं, की माहेरपणाला मुलगी आली की ओल वाढते, ती गेली की कमी होते. वरची बाथरूम मुलीचीच. वर पाणी भरून पाहिलं तेव्हा नहाणी ट्रॅपच्या कडेचा सिमेंटचा जोड सुटलेला निघाला. चार फरशा काढून काम झालं आणि ओटा वाचला. घरात राहणाऱ्या माणसाचं निरीक्षण मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा मोलाचं असतं, ते आधी ऐकावं.

धार बारीक का झाली

जुन्या घरांतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. मुलामा झिजला की आतून गंज चढतो आणि त्यावर क्षार बसतात. बोरिंगचं पाणी जड असेल तर हे आणखी लवकर होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. बोरिंगचं पाणी एकदा तपासून घेतलं की आपला आकडा कळतो.

अर्धा इंची पाइपाचं आतलं भोक निम्म्यावर आलं तर पाणी निम्म्यावर येत नाही. तेवढ्याच दाबाला ते साधारण सहाव्या भागावर येतं. म्हणून धार हळूहळू नाही, एकदम गेल्यासारखी वाटते.

तरीही लगेच पाइपाला दोष देऊ नका. आधी नळाच्या तोंडची जाळी उघडून पाहा. गंजाचे कण तिथेच अडकतात. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की क्षार सुटतात. मग बेसिनखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. फक्त गरम पाण्याचीच धार बारीक असेल तर गिझर किंवा त्याच्या जोडण्या क्षारांनी भरल्या आहेत. एकाच नळाची धार कमी असेल तर दोष त्या फांदीत, सगळ्याच नळांची कमी असेल तर टाकीजवळच्या मुख्य लाइनमध्ये.

आणि एक साधा हिशेब. टाकीची उंची दर मीटरला फक्त ०.१ बार दाब देते. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीच्या तळापासून दीड मीटर खाली असेल तर त्याला मिळतात ०.१५ बार. दुकानात झकास दिसणारा रुंद शॉवर आणि नवा मिक्सर जास्त दाबासाठी बनवलेले असतात. तो शॉवर या घरात नुसता ठिबकतो, यात पाइपाचा दोष नाही. टाकीचा कट्टा उंच करणं किंवा प्रेशर पंप बसवणं हे उपाय आहेत. पण जुन्या जीआय लाइनवर प्रेशर पंप बसवला की प्रत्येक कुजका जोड एकेक करून उघडा पडतो. आधी लाइन, मग पंप.

ठिबकणारा नळ, वाहणारा फ्लश

जुन्या पद्धतीच्या पितळी नळाला वायसर असतं. नळ घट्ट पिळला तरी ठिबकतो, याचा अर्थ वायसर झिजलं आहे. आणखी जोराने पिळलं तर आतली बैठक खराब होते. पाणी बंद करायचं, नळाचं डोकं पान्याने उघडायचं, वायसर बदलायचं. दहा मिनिटांचं काम. नव्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वायसर नसतं, त्यांचा आतला भाग अख्खा बदलतात. दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्या, कारण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं.

ठिबकण्याने काय होतंय, असं वाटत असेल तर नळाखाली तासभर भांडं ठेवा. तासात १०० मिलिलिटर साठलं तर वर्षाला जवळपास ८७५ लिटर होतात.

याहून मोठा चोर फ्लशची टाकी. ती आवाज न करता कमोडमध्ये पाणी सोडत राहते. टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचं रबर बदला. टाकी काठोकाठ भरून आतल्या नळीतून वाहत असेल तर फ्लोट खाली करा किंवा त्याचा व्हॉल्व्ह बदला.

वास येतो, कारण तिकडे कोणी राहत नाही

प्रत्येक ट्रॅपमध्ये थोडं पाणी अडून राहतं, साधारण ५० मिलिमीटर. गटारातला वास आणि झुरळं घरात येऊ नयेत म्हणून तो पाण्याचा पडदा. बाथरूम वापरात नसेल तर काही आठवड्यांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, हे पाणी उडून जातं. मुलं घराबाहेर गेलेल्या प्रत्येक घरात वरची बाथरूम अशी कोरडी पडलेली असते आणि आई म्हणते, "वर गटाराचा वास येतो." दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओतायचं, एवढाच उपाय. बरेच दिवस घर बंद ठेवायचं असेल तर पाण्यावर दोन चमचे खायचं तेल सोडा, पाणी उडायचा वेग कमी होतो.

पाणी ओतूनही वास येत असेल किंवा कमोडमध्ये गुडगुड होत असेल तर पुढे अडलं आहे. अंगणातलं चेंबर उघडून एकेक बाथरूममधून पाणी सोडा आणि कुठलं पाणी पोहोचत नाही ते बघा. जुन्या घरांत जमिनीखाली भाजलेल्या मातीचे पाइप असतात. त्यांच्या सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात. बाहेरच्या भिंतीवरच्या बिडाच्या पाइपाच्या जोडात पिंपळ उगवला असेल तर तो लहान असतानाच काढा.

काही घरांत जुना सेप्टिक टँक अजून असतो. तो साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, कितीही स्वस्तात तयार झाला तरी. आतल्या वायूने काही क्षणांत माणूस जातो, आणि संरक्षक साधनांशिवाय असं काम करवून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी मागवा.

इथे हयगय नको

तीन गोष्टी जिवाशी येऊ शकतात.

पहिली, रस्त्यावरून येणारी लाइन. अनेक जुन्या गल्ल्यांत नळाचा जीआय पाइप नालीतून किंवा नालीच्या खालून घरात येतो. पाणी येत असताना दाब आतून बाहेर असतो. नळ गेल्यावर दाब नाहीसा होतो, आणि पाइपाला भोक असेल तर नालीतलं पाणी आत शिरतं. त्या लाइनला थेट मोटर लावली तर ते ओढलंच जातं. म्हणून मोटर नेहमी हौदाला, लाइनला नाही. महापालिकेचे नियमही हेच सांगतात. नळ आल्यावर पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं येत असेल तर आधी हा तुकडा तपासा आणि तो नालीपासून वर, वेगळा करून घ्या. तोवर पाणी उकळून प्या आणि झोनच्या कार्यालयात तक्रार नोंदवा.

दुसरी, अर्थिंग. जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपालाच बांधलेली असते. पाइप जमिनीत जातो, त्यामुळे चालून जायचं. आता त्या पाइपाचा मधला तुकडा काढून तिथे सीपीव्हीसी बसवला की तो रस्ता तुटतो. प्लॅस्टिक वीज नेत नाही. गिझर, वॉशिंग मशीन, मोटर, सगळ्यांची अर्थिंग गेलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. बिघाड झाला तर उरलेल्या लोखंडी नळालाच वीज येऊ शकते. म्हणून पाइप बदलण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. प्लंबर हे सांगेलच असं नाही, ते त्याचं काम नाही.

तिसरी, गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी २० वरून ७० अंशांवर तापलं की साधारण २ टक्के फुगतं. १५ लिटरच्या गिझरात ते ३०० मिलिलिटर. ते या व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येऊ शकतं. तापताना थोडं ठिबकणं ठीक आहे. सतत वाहत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पण ठिबकतो म्हणून त्याचं तोंड कधीही बंद करू नका, कारण मग तो दाब गिझर फोडून बाहेर येतो.

बदलायचंच ठरलं तर

दरवर्षी नव्या जागी गळती, सकाळचं पहिलं पाणी लालसर, तपासूनही धार बारीक, असं तिन्ही असेल तर लाइन थकली आहे. तेव्हा तुकडे जोडत बसू नये. एक जोड उघडताना जुन्या पाइपाला हिसका बसतो आणि पुढचा जोड सुटतो.

नवी लाइन शक्यतो भिंतीवरून उघडी न्या. दिसायला थोडी वाईट, पण पुढच्या दुरुस्तीला फरशी फोडावी लागत नाही. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी घ्या, साधा पीव्हीसी नाही. गच्चीवर उन्हात असलेला भाग रंगवून घ्या. लोखंडाशी जोड पितळी आट्यांचा असावा. धागा-सफेदा लोखंडाला, प्लॅस्टिकच्या आट्यांना टेफ्लॉन टेप. जुने गेट व्हॉल्व्ह काढून बॉल व्हॉल्व्ह घाला. ते पाव फेऱ्यात बंद होतात, आजीच्या हातालाही जमतात. प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळा व्हॉल्व्ह हवा.

भिंत बुजवण्याआधी दोन गोष्टी करा. लाइनची दाबाची चाचणी, नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि ती काही तास टिकते का ते पाहणं. आणि शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो. तो घराच्या ग्रुपवर टाका, म्हणजे वीस वर्षांनी खिळा ठोकणाऱ्याला उपयोगी पडेल.

दिवाळीला घरी जाल तेव्हा

एका दुपारी एवढं होऊ शकतं :

१. मुख्य व्हॉल्व्ह शोधा, पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा. जाम असेल तर बदलायला सांगा.
२. प्रत्येक व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने लिहा : "स्वयंपाकघर", "वरची बाथरूम", "हौद".
३. फ्लशमध्ये रंग टाकून पाहा, बंद बाथरूमच्या जाळ्यांत पाणी ओता.
४. रात्री टाकीचं माप घ्या.
५. अर्थिंगची तार कुठे जाते ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.
६. पाइपांचा कच्चा नकाशा काढा. बाबांना शेजारी बसवा, त्यांना आठवेल तेवढं लिहून घ्या.

आणि आई-बाबांना पाणी स्वतः बंद करून दाखवायला सांगा, एकदा नाही, दोनदा. रात्री दोन वाजता पाइप फुटला तर तुम्ही हजार किलोमीटरवर असाल आणि प्लंबर सकाळी येईल. तोपर्यंत ओल्या फरशीवर घसरून कोणाचं हाड मोडायला नको. तो व्हॉल्व्ह त्यांच्या हाताला लागतो का, फिरतो का आणि कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्यांना माहीत आहे का, हे बघूनच परतीच्या गाडीत बसा.